नाण्यावरचा धाकटा

ऑगस्ट, ९

आज नगरसभेत ठरलं. या वर्षीची काशाची नाणी माझ्या खर्चानं पडणार आणि काठाला अक्षरं येणार, ‘अम्मिया, राजमातेची पुजारीण’. ओर्थियात आजवर बाईचं नाव नाण्यावर आलेलं नाही. पँक्रातीसचं तोंड कच्चं ऑलिव्ह चावल्यासारखं झालं होतं. त्याला त्याचं नाव हवं होतं. गावात धान्य विकून विकून त्याला वाटायला लागलंय की देवळापासून कोंबड्यापर्यंत सगळं त्याच्याच कृपेनं चाललंय.

आमचे हे असते तर रात्रभर मला झोपू दिलं नसतं त्यांनी. ते गेल्यापासून घरात असं काही सांगायला कोणी उरलं नाही, म्हणून पपायरसच्या या उरलेल्या तुकड्यांवर लिहायला बसले आहे. थोरल्या थ्रासोनला सांगितलं, तर म्हणाला, “चांगलंय.” एवढंच. यंदा बाजाराचा अधिकारी झाल्यापासून तर शब्द मोजूनच टाकतो. धाकट्या मिरोननं मात्र मला उचलून अंगणात गरागरा फिरवलं. तातिया, माझी मोलकरीण, ओरडत होती, “अरे, बाईंची कंबर!”

चित्रही मीच सुचवलं. थोरले महाराज त्या धुक्याच्या बेटावर वारले, आता राज्य दोघा मुलांचं, अंतोनिनस आणि गेटा. दोघं भाऊ समोरासमोर, एकमेकांकडे बघताहेत. मागच्या बाजूला दोन हात, एकमेकांत गुंफलेले. दोन मुलांच्या आईला याहून दुसरं काय मागायचं असतं?

ऑगस्ट, २६

ठसे कोरणारा एपिगोनस आज आला. डोंगरापलीकडच्या गावांची नाणीही त्याच्याच हातची. त्यानं इफेससहून दोघा महाराजांचे प्लास्टरचे मुखवटे आणवले होते. थोरल्याचा शाबूत आला. धाकट्याचा खेचरावरून पडून भुगा.

“आता धाकटे महाराज कुठून आणायचे?” मी विचारलं.

“बाई, ओर्थियात त्यांना बघितलंय कोणी? दाढी, डोक्यावर पानांची माळ, बैलासारखी मान. खाली नाव घातलं की झाले महाराज.”

तेवढ्यात अंजीर खात मिरोन दाराशी येऊन टेकला. उजेड त्याच्या एका गालावर होता आणि मला एकदम आमचे हे दिसले. तेच नाक, मधे उंच, टोकाला ससाण्यासारखं वळलेलं. दाढीही नवीनच राखलीय, छान भरलीय. मी म्हटलं, “एपिगोनस, नाक असं कर.”

त्यानं मान तिरकी करून बघितलं. “नाक राज्य करायच्या लायकीचं आहे खरं.”

मिरोननं लगेच हनुवटी वर केली. थ्रासोन तेलाच्या घाण्यावरून आला होता, तो दारातच थांबला.

“आई, हे नको.”

“का रे?”

“महाराजांच्या जागी घरातलं माणूस बसवायचं? आज गंमत वाटेल.”

“तुला दुधातही माशी दिसते.”

“मुखवटा दुसरा मागव,” तो एपिगोनसला म्हणाला.

“तो येईपर्यंत वर्ष सरेल, मालक.”

शेवटी माझ्या मनासारखं झालं. थ्रासोनला वाईट वाटणं स्वाभाविक आहे. त्याचं नाक माझ्यासारखं बसकं. त्याला कोण नाण्यावर घेणार?

सप्टेंबर, १४

नाणी पडली! मी पूर्ण सकाळ टांकसाळीत उभी होते. लालभडक चकती चिमट्यानं उचलायची, ऐरणीवरच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा, आणि घण. पहिलं नाणं मी पदरात झेललं आणि पदराला भोक पाडून घेतलं. गेटा महाराज माझ्या मिरोनच्या नाकानं थोरल्या भावाकडे बघत होते. मी मेल्यावरही हे नाक बाजारात फिरत राहील.

बाजारात तर धमाल उडाली. मासेवाल्या मेलित्तानं नाणं डोळ्यांशी धरलं, मग मिरोनला धरलं. “या महाराज, आज बांगडा ताजा आहे!”

मिरोन म्हणाला, “तुझ्या टोपलीला कर माफ केला, जा!”

सगळे पोट धरून हसत होते. थ्रासोननं तिथेच त्याचा दंड पकडला आणि त्याला ओढत घरी आणलं. अधिकारी झाला म्हणून काय भावानं हसायचंही नाही? मी थ्रासोनला चांगलंच सुनावलं. तो पाठ फिरवून घाण्यावर निघून गेला. हा त्याचा नेहमीचा मार्ग.

नोव्हेंबर, २

पुन्हा त्या वरच्या ऑलिव्हच्या बागेवरून भांडण. मिरोनला आपला वाटा विकून शर्यतीचे घोडे घ्यायचेत. थ्रासोन म्हणतो, आजोबांनी लावलेली झाडं घोड्यांच्या पोटात घालणार नाही.

“दादा, तू माझा बाप होऊ नकोस.”

“बाप असतो तर एव्हाना कानाखाली बसली असती.”

दारं आपटली. तातियानं घाबरून मसुरीची आमटी उतू घालवली. मी मिरोनची बाजू घेतली, घ्यावीच लागते.

संध्याकाळी बघते तर दोघं कुंपणाच्या भिंतीवर बसून एकाच वाडग्यातून चीज खात होते. मला बघून गप्प झाले. माझ्याविषयीच बोलत असणार.

फेब्रुवारी, ६

अक्षर नीट येत नाही.

दुपारी नगरसभेचं शिंग वाजलं. थोड्या वेळानं थ्रासोन आला आणि उंबऱ्यात उभा राहिला, चपलाही काढल्या नाहीत.

“आई, बस.”

“मिरोनला काय झालं?”

“मिरोन बरा आहे. बस म्हणतो ना.” मग म्हणाला, “धाकटे महाराज गेले.”

“आजारी होते?”

“थोरल्यांनी मारवलं. राजवाड्यात, आईसमोर. समेट करायचाय असं सांगून तिच्याच दालनात दोघांना बोलावलं होतं. हत्यारबंद माणसं आत घुसली. धाकट्यानं आईच्या गळ्याला मिठी मारली. तिच्या मांडीवरच…”

मला पुढचं ऐकू आलं नाही. तोंडातून एकच निघालं, “ती काय करतेय?”

“निरोप्या म्हणतो, तिला रडायची बंदी आहे. हसायचा हुकूम आहे.”

मी तिची पुजारीण. दर अमावास्येला तिच्या पुतळ्यापुढे मद्य ओतते, तुझी मुलं सुखात राहोत म्हणते. अंगावर तिच्या लेकराचं रक्त, आणि तिनं हसायचं? ओठ वर करायचे? कसे?

मी मिरोनला हाका मारल्या, आला तसा त्याला ओढून छातीशी धरलं. तो गुदमरला. “आई, जिवंत आहे ग मी, गळा सोड!”

थ्रासोन दाराशीच उभा होता. मिरोनच्या तोंडाकडे बघत होता, कितीतरी वेळ, बैल विकत घेताना बघतात तसा. मला ते बघणं आवडलं नाही.

फेब्रुवारी, ९

हुकूम आला. धाकट्याचं नाव उच्चारायचं नाही. दगडावरून, भिंतीवरून, सगळीकडून त्याला पुसायचं. त्याचं तोंड असलेलं नाणं जवळ बाळगणं म्हणजे राजद्रोह. मीसुद्धा आता ते नाव इथे लिहिणार नाही. मागे लिहिलंय ते तुकडे चुलीमागे लपवले.

सकाळी स्नानगृहावरून गेले, तर पाथरवट दाराच्या वरच्या ओळीतून अक्षरं तासत होता. पांढरा चुरा खालून जाणाऱ्यांच्या केसांवर पडत होता. कोणी वर बघत नव्हतं. माणसाला मारलं ते कळलं. पण तो कधी जन्मलाच नव्हता, असं कसं करतात?

सगळी नाणी वितळवली तर बाजारात नाणंच उरणार नाही. म्हणून नगरसभेनं तोड काढली, धाकट्याचा चेहरा छिन्नीनं खरवडायचा आणि शेजारी हेकाती देवीच्या मुखाची बारीक छाप मारायची. तेवढं केलं की नाणं चालेल. एक भाऊ राहील, समोर खड्डा.

हे सगळं बाजार अधिकाऱ्यानं करून घ्यायचंय. म्हणजे थ्रासोननं.

फेब्रुवारी, १५

देवळाच्या ओसरीवर ऐरण मांडली होती. सगळं गाव थैल्या, मडकी, गाठोडी घेऊन उभं. पँक्रातीस पुढे आला. “नाणी ज्यांच्या नावाची, पहिला घाव त्यांनीच घालावा. काय म्हणता, पुजारीणबाई?” त्याच्या आवाजात मध होता.

थ्रासोननं चिमट्यात नाणं धरलं. मी छिन्नी टेकवली आणि माझ्यापुढे माझा मिरोन. दाढी, माळ, ते नाक. पहिला घाव घसरला. दुसराही. गर्दी कुजबुजायला लागली. तेव्हा थ्रासोन माझ्या कानाशी वाकला आणि दातांतून म्हणाला, “आई, मार. नाकावर मार. नाक राहता कामा नये.”

हे माझ्या पोटच्या पोरानं म्हणावं! त्या रागातच हातोडा आदळला. नाक उडालं.

“अगं बाई, मिरोनचं नाक गेलं!” मेलित्ता ओरडली. सवयीनं. लोक हसले आणि मग ते हसू मधेच तुटलं. एकदम. सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं, आपण कशाला हसलो ते. मिरोन पायऱ्यांवर उभा होता, त्याचा हात आपोआप तोंडाशी गेला.

पँक्रातीस हसला नव्हता. त्यानं ढिगातून न खरवडलेलं एक नाणं उचललं, तळहातावर फिरवलं, मिरोनकडे बघितलं.

दिवसभर टक्, टक्, टक्. घरापर्यंत आवाज येत होता. प्रत्येक घाव माझ्या लेकराच्या तोंडावर. आणि चिमटा धरलेला त्याचा सख्खा भाऊ, एकदाही मान वर न करता.

फेब्रुवारी, १७

एपिगोनस आज मागच्या दारानं, चुलीपाशी येऊन उभा राहिला. तोंड राखेसारखं.

“बाई, माझ्याकडे एक माणूस येऊन गेला. विचारत होता, धाकट्याचा ठसा कोणावरून कोरला.”

“मग?”

“मुखवट्यावरून म्हणालो. तर म्हणे, मुखवटा तर फुटला होता ना? बाई, महाराजांच्या जागी साध्या माणसाला बसवलं की कोरणाऱ्याचे हात तोडतात. आणि ज्याचा चेहरा, त्याचं डोकं.”

मी म्हटलं, घाबरवू नकोस, चार दिवसांत लोक विसरतील. कोण असं नाक लक्षात ठेवतंय! थ्रासोन लाकडं ठेवायला आला होता. त्यानं विचारलं, “ठसा?”

“वितळवला, मालक.”

“आणि नाणी? एखादं न खरवडलेलं राहिलंच असेल कोणाकडे.”

एपिगोनसनं भाकरी बांधून घेतली आणि डोंगराकडे निघून गेला.

त्यानंतर थ्रासोन मिरोनला घेऊन तबेल्यात गेला, आतून कडी लावली. मी बाहेर उभी. बोलणं कळत नव्हतं. एकदा मिरोन मोठ्यानं हसला. मग हसला नाही. मग कोणीतरी रडल्यासारखा आवाज, पण ते घोडंही असेल. मी दार वाजवलं.

“काय चाललंय?”

“बागेचं बोलतोय,” आतून थ्रासोन म्हणाला.

पुन्हा ती बाग! राज्य जळतंय आणि याला झाडं सुचतात.

फेब्रुवारी, २०

माझ्या पोटी राक्षस जन्मला.

व्यायामशाळेत, सगळ्या गावादेखत. म्हणे बागेवरून शब्दानं शब्द वाढला. मिरोन म्हणाला, वाटा दे. थ्रासोननं उडी मारताना हातात धरतात ते दगडी वजन उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. एकदा. लोक सांगतात, मिरोननं हातसुद्धा वर केला नाही. माझं भोळं बाळ, त्याला वाटलंच नसणार की भाऊ खरंच मारेल.

फळीवर घालून आणलं त्याला. नाक नाहीच. गालाचं हाड आत गेलंय, वरचे दात गेले. ते नाक, आमच्या ह्यांचं नाक, आता जगात कुठेच नाही.

देवाची कृपा म्हणून वैद्य घरीच होता. तातियाच्या गुडघ्यासाठी थ्रासोननंच त्याला सकाळी बोलावून ठेवलं होतं. तातिया म्हणते, माझा गुडघा दुखत नाही. या घरात कोणाचं कोणाला काही कळत नाही. वैद्यानं टाके घालायला दाढी काढली. मिरोनच्या तोंडाला दारूचा वास येत होता. सकाळी थ्रासोन त्याला पाणी न मिसळता पेल्यांवर पेले पाजत होता, मी स्वतः पाहिलं. म्हणजे आधी पाजली आणि मग मारलं!

थ्रासोन फळीमागून आला. अंगरख्यावर रक्त. विहिरीशी वाकून ओकत होता. मी मागून जाऊन त्याच्या पाठीवर मुठी मारल्या.

“तो तिकडे रोममध्ये आणि तू इकडे! तुला बाग हवी होती ना? घे! सगळी घे! माझ्या डोळ्यांपुढून जा!”

“जातो,” तो म्हणाला. तोंड पुसलं. “टाके ओले होऊ देऊ नकोस.”

निर्लज्ज. आत जाताना मिरोननं अंधुक शुद्धीत त्याचा हात पकडला होता आणि सोडत नव्हता. कोणाचा हात आहे हेही कळत नव्हतं बिचाऱ्याला.

फेब्रुवारी, २५

थ्रासोन घाण्याच्या खोलीत झोपतो. त्याला जेवण पाठवू नका म्हणून सांगितलंय. तातिया चोरून पाठवते, मला दिसतं, मी बोलत नाही.

गाव त्याला बघून रस्ता बदलतं. मागून ‘छोटा अंतोनिनस’ म्हणतात, हळू आवाजात, कारण मोठ्यानं म्हणणं आता धोक्याचं.

आज पँक्रातीस समाचाराला आला. मधाची पोळी घेऊन. मला वाटलं, वैर विसरून आला, माणूस वाईट नाही. त्याला मिरोनला बघायचंच होतं. मी पट्टी जराशी बाजूला केली. पँक्रातीसचं तोंड एकदम उतरलं. किती हळवा निघाला! पोळी तिथेच ठेवून, पाणीही न पिता गेला.

मार्च, ३

आत्ताच घरी पोचलो.

प्रांताधिपतीचा माणूस आला, व्हिबियस नावाचा, सोबत शिपाई. आम्हा सगळ्यांना सभागृहात बोलावलं. पँक्रातीस त्याच्या शेजारी बसला होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, त्यानंच कळवलं होतं. आणि मी त्याला पट्टी उघडून दाखवली!

व्हिबियसनं कमरेच्या पिशवीतून नाणं काढलं. न खरवडलेलं. “खाली ज्याचं नाव आहे, त्याला मी रोममध्ये जवळून बघितलंय. हे नाक त्याचं नव्हतं. मग कोणाचं?”

“याचं, साहेब,” पँक्रातीसनं मिरोनकडे बोट केलं.

दोघा शिपायांनी मिरोनला उजेडात ओढलं. व्हिबियसनं नाणं त्याच्या गालाला लावलं. सुजलेलं, काळंनिळं, टाक्यांनी ओढलेलं तोंड, मधे सपाट. तो बराच वेळ बघत राहिला.

“हा? याच्यापेक्षा माझं खेचर महाराजांसारखं दिसतं.”

“हे आत्ताचं आहे साहेब! आधी याचं नाक—”

“आधीचं मी कसं बघू?” व्हिबियस गर्दीकडे वळला. “ए बाई, तू. याचं नाक आधी असं होतं?”

मेलित्ता होती ती. तिनं ओले हात कमरेला पुसले. मग म्हणाली, “आम्ही मासे बघतो साहेब. नाकं नाही बघत.”

मागून कोणी म्हणालं, बसकंच होतं, आईसारखं. दुसरा म्हणाला, आमच्याकडे सगळ्यांचीच बसकी. पँक्रातीस उठून ओरडायला लागला, त्याला कोणी साथ दिली नाही.

मला विचारलं, “तुझ्या नावाची नाणी. चेहरा कोणाचा?”

“नाव खाली लिहिलं होतं,” मी म्हटलं. “त्यांचाच.” माझा आवाज मला ओळखू आला नाही.

मग त्यानं थ्रासोनला पुढे बोलावलं. “तोंड तू फोडलंस?”

“हो.”

“का?”

“बागेवरून. त्याला वाटा हवा होता.”

“आणि तुला द्यायचा नव्हता.” व्हिबियसनं मान हलवली, अगदी पटल्यासारखी. “बरोबर केलंस. एका घरात दोन मालक कसे राहतील? वरसुद्धा…” तो थांबला. सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. “मला डोंगरापलीकडच्या गावांतून हीच साफसफाई करत जायचंय. हात न थरथरणारा माणूस हवा. उद्या निघायचं. तू चल.”

थ्रासोनच्या ओठांवरचा रंग गेला. त्यानं एकदा मिरोनकडे बघितलं. “जशी आज्ञा.”

खरं लिहिते, मला आनंद झाला. गावोगाव तोंडं फोडत फिरू दे त्याला, तेच त्याचं काम. घर मोकळं होईल. माझा मिरोन वाचला, त्याच्या दैवानं.

मार्च, ४

आज सकाळी मिरोनचे ओठ पहिल्यांदा नीट उघडले.

“दादा गेला?”

“जाईल आता. जाऊ दे.”

तो उठायला गेला आणि खाटेवरून खाली पडला. मी धरायला गेले तर त्यानं माझं मनगट पकडलं. दात नसल्यामुळे शब्द तुटत होते. “आई, त्याला अडव. त्याच्यानं होत नव्हतं ग. तबेल्यात रडला. मला म्हणाला, आपण दोघं पळू, कुठेही जाऊ. मी म्हटलं, आईचं काय करतील? नाक जाऊ दे की डोकं, तूच सांग. लोकांदेखत मार म्हणालो. भांडणाचं निमित्त कर. एकाच घावात कर, दुसरा तुला जमायचा नाही.”

मी तिथेच बसले. जमिनीवर. सगळं माझ्यासमोर घडलं होतं. वैद्य, दारू, विहीर, तो पकडलेला हात. नाकावर मार, आई. मी सगळं बघितलं होतं आणि मला एक अक्षर दिसलं नव्हतं.

मग अनवाणी धावले. तातिया मागून चपला घेऊन ओरडत होती. वेशीपाशी खेचरांवर सामान चढत होतं. व्हिबियस, शिपाई, बघ्यांची गर्दी, पँक्रातीसही. थ्रासोन खेचराचा पट्टा आवळत होता. मला बघून त्याचे हात थांबले.

मला त्याच्या गळ्यात पडायचं होतं. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरायचं होतं. “बाळा” एवढा एक शब्द म्हणायचा होता. तोंड उघडलं आणि दिसलं, व्हिबियस माझ्याकडे बघतोय. पँक्रातीस पुढे सरकलाय, मान लांब करून. ज्या मुलानं धाकट्याचं तोंड फोडलं त्याला आई मिठी कशाला मारेल? मारलीच, तर का मारली?

राजमातेनं कसं हसायचं, असं मी लिहिलं होतं. मला आज कळलं, अंग आपोआप करतं ते. जीव वाचवायचा असला की करतं.

मी त्याच्या पायांशी थुंकले.

“पुन्हा या गावात तोंड दाखवू नकोस!” मी किंचाळले. “भावावर हात टाकणारा माझा नाही! कुत्रा खाईल तुला वाटेत!”

थ्रासोन माझ्याकडे बघत राहिला. माझे पाय बघितले, अनवाणी, रक्ताळलेले. मग माझे डोळे. त्याला कळलं की मला कळलंय. आणि तो हसला. थोडंसंच, बसक्या नाकाच्या बाजूला ती एक रेघ उमटते, तेवढंच. सव्वीस वर्षांत ती रेघ मी कधी नीट पाहिलीच नव्हती. त्यानं लगेच मान खाली घातली.

“वरच्या बागेची छाटणी करून घे,” पट्ट्याला गाठ मारत तो म्हणाला.

“मर!” मी ओरडले.

व्हिबियस हसत हसत शिपायाला म्हणाला, “बायका!” खेचरं निघाली. वळणाआड जाईपर्यंत मी शिव्या देत होते. घसा बसला तरी देत होते. मेलित्तानं मला धरून घरी आणलं. माझे पायही तिनंच धुतले.

नोव्हेंबर, ११

थ्रासोन परत आलाय, ऑलिव्हच्या तोडणीला. किती गावांतून काय काय खरवडलं ते सांगत नाही. हातांना घट्टे पडलेत आणि जेवताना मधेच थांबतो. मिरोननं त्याला विचारलं, “बाकीचे धाकटे तरी दिसायला बरे होते का?” तेव्हा पहिल्यांदा दोघं हसले. मिरोनचं हसणं आता शिट्टीसारखं येतं.

घरात तो माझ्याजवळ बसतो. पहिला घास मी त्याच्या ताटात टाकते, तो संकोचतो. काय बोलायचं ते दोघांनाही अजून नीट जमत नाही.

पण बाहेर जुनंच चालवावं लागतं. पँक्रातीसचे डोळे अजून आमच्या दारावर असतात, आणि वर सम्राट तोच आहे. म्हणून आज बाजारात, ऐन गर्दीत, मी कमरेवर हात ठेवून त्याला शिव्या घातल्या. भावाचा वैरी, घरबुडव्या, काळतोंड्या. माझी आता चांगलीच तयारी झालीय. बायका माना हलवत होत्या, अम्मियाचं काळीज दगडाचं म्हणत होत्या.

तो खाली मान घालून ऐकत होता. जड टोपली माझ्या हातातून काढून त्यानं खांद्यावर घेतली आणि ओठ न हलवता विचारलं, “आई, मीठ घेतलंस का?”

“घेतलं रे,” मी म्हटलं, आणि मग मोठ्यानं, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं, “चालता हो!”